शेजाऱ्याला सोलरची वीज विकायचीय? आधी हे वाचा
गच्चीवर सोलर बसलं, दुपारी वीज उरतेय, आणि शेजारचे काका म्हणतात ‘एक वायर टाक रे, युनिटमागं पाच रुपये देतो’, तर जरा थांबा. वीज कायदा 2003 च्या कलम 12 प्रमाणे लायसन्स किंवा सूट नसेल तर वीज विकता येत नाही, वर मंजूर जागेबाहेर वायर ओढली तर कलम 126 खाली दुप्पट दरानं बिल येऊ शकतं, काकांचे पाच रुपये महागात पडायचे. लखनौत शेजाऱ्यांमधल्या विक्रीचा पायलट (छोटा प्रायोगिक प्रकल्प) झालाय, पण वीज नियामक आयोगाच्या परवानगीनं आणि वीज कंपनीच्याच तारांवरून. आपण सरळ नेट मीटरिंगचा अर्ज टाका, जादा युनिट ग्रिडला जातात आणि बिलात वळते होतात. सोसायटीत असाल तर लिफ्ट-पंपाच्या कॉमन मीटरवर सोलर घ्या, फक्त ठराव आधी लेखी करा, नंतर तळमजलेवाले लिफ्टवरून भांडतात.