राऊटरच्या इनपुट-आउटपुट पिनवर टाकीचा फ्लोट स्विच आणि रिले

टेल्टोनिका आरयूटी२४१ या राऊटरच्या पॉवर केबलमधल्या हिरव्या आणि पांढऱ्या वायर बरेच जण टेप मारून सोडून देतात, पण कामाच्या त्याच आहेत. लाल प्लस, काळी मायनस, हिरवी इनपुट, पांढरी आउटपुट.

फ्लोट स्विच म्हणजे टाकीतल्या पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा स्विच. त्याचं एक टोक १२ व्होल्ट प्लसला, दुसरं हिरवीला. इनपुट ८ व्होल्टच्या वर गेलं की राऊटर ते हाय (चालू) धरतो, ५ च्या खाली लो (बंद), म्हणून ३.३ व्होल्टचा सेन्सर डायरेक्ट लावलात तर राऊटरला काहीच कळणार नाही.

आउटपुटला मात्र नीट लक्ष द्या, ती ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ती स्वतः व्होल्टेज देत नाही, फक्त मायनसला ओढते, म्हणून रिलेच्या (छोट्या करंटवर चालणारा स्विच) कॉइलचं एक टोक प्लसला आणि दुसरं पांढरीला, आणि कॉइलवर उलटा डायोड लावाच, पट्टीवाली बाजू प्लसकडे, नाहीतर रिले बंद होताना जो झटका येतो त्यात आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. लिमिट ३० व्होल्ट, ३०० मिलीअँपिअर. पंप डायरेक्ट जोडायचा विचारही नको, मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेपणारा मोठा रिले) हवाच.

मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, सर्व्हिसेसमध्ये इनपुट/आउटपुट, तिथे आय/ओ जगलर, म्हणजे इनपुट बदललं की काय करायचं ते ठरवायची जागा. आधी ॲक्शन बनवा, एसएमएसची, मग रूल. ट्रिगर रायझिंग (लोवरून हाय) की फॉलिंग (हायवरून लो) ते फ्लोट हाताने वर-खाली करून स्टेटस पेजवर बघूनच ठरवा.