तेलगाव टाफ्टचा इतिहास कसा शोधावा

कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीमधल्या टाफ्टचा शोध नावापासून सुरू करा. गावाला आधी ‘मोरॉन’ म्हणत. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांचं नाव नंतर लागलं, 1910 मध्ये शहराचा दर्जा मिळाला. जुन्या वर्तमानपत्रांत फक्त ‘टाफ्ट’ शोधलंत तर सुरुवातीची वर्षं निसटतात.

मग जनगणना. 1950 पर्यंतच्या मूळ याद्या खुल्या आहेत. प्रत्येक यादी 72 वर्षं बंद असते. इथे हमखास चूक होते: बरेच कामगार गावात नव्हे, तेलविहिरींजवळच्या कंपनी-छावण्यांत राहत. म्हणून आसपासच्या टाउनशिपच्या (काउंटीच्या उपविभागांच्या) याद्याही ओळ न् ओळ वाचा. व्यवसायाचा रकाना उतरवून घ्या: ड्रिलर (विहीर खोदणारा), टूल ड्रेसर (खोदकामाची अवजारं धारदार ठेवणारा), पंपर (पंप चालवणारा). एका छताखाली किती बिऱ्हाडकरू राहत, तेही मोजा. वस्तीचं खरं रूप तिथेच दिसतं.

टाफ्टजवळच्या लेकव्ह्यू विहिरीतून तेलाचं कारंजं 14 मार्च 1910 ला फुटलं आणि सप्टेंबर 1911 पर्यंत उसळत राहिलं: सुमारे 90 लाख पिंपं. पिंप म्हणजे 42 अमेरिकी गॅलन, साधारण 159 लिटर. ब्रिटिश गॅलन धरलात तर हिशेब एक पंचमांशाने फुगतो.

गावात गेलात तर वेस्ट कर्न ऑइल म्युझियममधला लाकडी डेरिक (तेलविहीर खोदण्याचा मनोरा) पाहाच. ‘ऑइलडोराडो’ उत्सव मात्र पाच वर्षांतून एकदाच भरतो.