खालची पानं पिवळी पडून गळताहेत? या चुका टाळा

मॉन्स्टेरासारख्या घरातल्या शोभेच्या झाडाच्या शेंड्याला नवं पान उलगडत असतं आणि त्याच आठवड्यात बुडाशी एक जुनं पान पिवळं पडतं. ते दिसताच आपला हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. पहिली चूक ही.

त्याआधी हिशेब करा: गेल्या दोन-तीन महिन्यांत नवी पानं किती आली, जुनी किती गेली? तीन आली आणि एक गेलं, तर झाड ठणठणीत आहे. कुठलंच पान जन्मभर टिकत नाही. अळूच्या कुळातली अलोकेशिया तर बऱ्याचदा मोजकीच पानं अंगावर ठेवते, नवं आलं की जुनं सोडते. माझ्याकडच्या अलोकेशियावर मी वर्षभर नाही नाही ते उपचार केले. तिला काहीही झालेलं नव्हतं. काळजी करायची ती येणाऱ्यांपेक्षा जाणारी पानं जास्त असतील, किंवा एकाच आठवड्यात दोन-चार पिवळी पडली तर.

वार ठरवून पाणी घालणं

दर सोमवारी आणि गुरुवारी पाणी, ही शिस्त माणसाच्या सोयीची. झाडाची तहान प्रकाशावर आणि उष्णतेवर ठरते. ढगाळ दिवसांत किंवा थंडीत झाड कमी पाणी ओढतं, आपण मात्र तेवढंच ओततो. माती सतत ओली राहिली की तिच्यातल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती कुजू लागतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीतही झाड मलूल दिसतं. आपल्याला वाटतं तहानलंय, आपण आणखी पाणी घालतो. इथेच बहुतेक झाडं हातची जातात.

बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहा. खाली ओल लागली तर थांबा. शंका असेल तर झाड कुंडीतून अलगद काढून मुळं बघायला घाबरू नका. पांढरी किंवा फिकट तपकिरी, टणक मुळं चांगली. काळी, लिबलिबीत, वास मारणारी कापून टाका आणि झाड ताज्या, भुसभुशीत मातीत लावा.

उलट प्रकारही होतो. कुंडीतली माती एकदा कडकडीत वाळली की पाणी चटकन धरत नाही. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेने खाली उतरतं, बशी भरते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवून ठेवा, मग नीट निथळू द्या.

‘सावलीतलं झाड’ म्हणून कोपऱ्यात ठेवणं

जंगलातली सावली आणि खोलीचा कोपरा यांत फार फरक आहे. आपले डोळे अंधुक उजेडाला चटकन सरावतात, म्हणून खोली आपल्याला उजळ वाटते. खिडकीपासून थोडं आत गेलं तरी झाडाच्या वाट्याचा प्रकाश निम्म्याहून कमी होऊ शकतो. तेवढ्यात सगळी पानं पोसणं जमत नाही आणि झाड सर्वांत सावलीतली, म्हणजे खालची पानं सोडून देतं. दोन पानांमधलं खोड लांबत चाललं असेल, नवी पानं आधीच्यापेक्षा लहान येत असतील, तर दोष प्रकाशाचाच समजा. झाड खिडकीजवळ न्या, पण कडक ऊन थेट पानांवर नको.

पिवळं दिसलं की खत

नायट्रोजन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून कमतरता आधी खाली दिसते. सगळं पान सारखं फिकटलं तर नायट्रोजनचा संशय घ्या, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियमचा. लोह कमी असेल तर उलट नवी पानं फिकट येतात. झाड वाढतंय आणि मातीला वर्ष-दोन वर्षं काहीच दिलेलं नाही, अशा वेळी पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं खत पुरे. मुळं कुजलेल्या झाडाला मात्र खत अजिबात नको.

अर्धवट पिवळं पान तोडण्याची घाईही नको. त्यातलं अन्न झाड अजून परत घेत असतं. पूर्ण पिवळं झालं की हलक्या हाताने सुटून येईल. काढण्याआधी पान उलटून बघा: बारीक ठिपके आणि जाळी असेल तर लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) आहे, आणि मग इलाज वेगळा.

पिवळं पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला की नाही, हे पुढच्या नव्या पानावरून कळेल, त्याला काही आठवडे लागतील. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन किंवा मनीप्लांटचं उघडं पडलेलं खोड खाली परत पानांनी भरत नाही. शेंडा खोडाच्या एक-दोन पेरांसह (पान फुटतं त्या गाठींसह) कापून त्याच कुंडीत रोवला की बुडाशी हिरवं दिसू लागतं.