पॉशची तक्रार दिल्यानंतरचे तीन महिने: या चुका टाळा

पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा. त्याखाली तक्रार देईपर्यंत सगळं बळ एकवटलेलं असतं. अर्ज अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे गेला की पुढे काय, हे कुणी नीट सांगत नाही आणि मग झोप उडते. समोरचा माणूस रोज त्याच लिफ्टमध्ये भेटतो, एचआरवाले नजर चुकवतात, कँटीनमध्ये आपण शिरलो की टेबलावरचं बोलणं थांबतं. अशा समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसताना मला हे पुन्हा पुन्हा दिसतं: मूळ प्रसंगाने जितकं छळलेलं असतं, तितकंच हा अधांतरी काळ छळतो. आणि ताणाच्या भरात जे केलं जातं, त्यातलं बरंचसं तक्रारीच्याच मुळावर येतं.

तारखा माहीत नसताना वाट पाहणं

दर तासाला मेल तपासणं, दर दोन दिवसांनी एचआरला ‘काही झालं का?’ विचारणं, उत्तर आलं नाही की ‘सगळे त्यालाच सामील आहेत’ असं ठरवून मोकळं होणं. सामील असतीलही, पण सुरुवातीच्या शांततेवरून ते कळत नाही. या कायद्याच्या नियमांप्रमाणे तक्रारीची प्रत समोरच्याला पाठवायला समितीकडे कामाचे ७ दिवस असतात. ती मिळाल्यावर उत्तर द्यायला त्याला कामाचे १० दिवस मिळतात. पाच दिवसांचा आठवडा असेल तर यातच साडेतीन आठवडे जातात आणि तुमच्यापर्यंत चिटपाखरूही येत नाही. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते, त्यानंतर अहवालासाठी १० दिवस.

या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका. तारीख उलटली की एकच मेल करा: ‘अमुक तारखेला तक्रार दिली, आज इतके दिवस झाले, पुढची सुनावणी कधी?’ तारीख उलटायच्या आत केलेल्या दहा फोनपेक्षा उलटल्यावर केलेला हा एक मेल पुढे जास्त कामाला येतो.

त्याच साहेबाच्या हाताखाली निमूट बसून राहणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, आणि बहुतेकजणी ती करतात. ‘तक्रार केली आहेच, आता आणखी काय मागायचं’ असा संकोच असतो. पण कायद्याच्या कलम १२ मध्ये चौकशी चालू असतानाच दिलासा मागण्याची सोय आहे. तुमची किंवा त्याची बदली मागता येते. तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते आणि ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही, ती वरची असते. तो तुमचा साहेब असेल तर तुमच्या कामाचं मूल्यमापन त्याच्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं, हेही मागता येतं.

अट एकच, मागणी लेखी हवी. समिती आपणहून विचारेल म्हणून थांबू नका. शिफारस समितीची असते आणि ती अमलात आणणं मालकाला बंधनकारक असतं. ‘मला त्रास होतोय, काहीतरी करा’ असा मोघम अर्ज आला की समितीही चाचपडते. ‘माझं अप्रेझल यंदा त्यांच्याकडे नको, आणि चौकशी संपेपर्यंत मला दुसऱ्या मजल्यावरच्या टीममध्ये बसवा’ असं लिहिलं की एका बैठकीत निर्णय होऊ शकतो. बदली मागताना ‘मीच का हलायचं?’ हा राग रास्त आहे. मग त्याची बदली मागा.

सगळ्यांना सांगणं, किंवा कुणालाच नाही

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचक ओळी, स्टेटस, टीममधल्या चौघींना स्क्रीनशॉट. यामुळे साक्षीदार बिथरतात आणि तक्रारीतला मजकूर जाहीर केल्याचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो. तक्रार आणि चौकशीची माहिती लोकांत किंवा माध्यमांत जाऊ नये, असं कलम १६ म्हणतं. मात्र बहिणीजवळ रडू नये किंवा समुपदेशकाशी बोलू नये, असा त्याचा अर्थ नाही. एचआरमधला कुणी ‘घरीसुद्धा बोलायचं नाही हं’ म्हणाला तर त्याला कलम वाचायला सांगा. ऑफिसबाहेरचं एक माणूस ठरवा आणि त्याच्याशीच बोला. रात्री कुणीच नसेल तेव्हा टेली मानस १४४१६ आहे. ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

झोप, भूक, छातीतली धडधड यासाठी डॉक्टरकडे जायलाही बायका बिचकतात, ‘उद्या मलाच वेडी ठरवतील’ म्हणून. होतं उलट. भरपाई ठरवताना मानसिक त्रास आणि मानसोपचाराचा खर्चही धरावा, असं कायद्यातच लिहिलं आहे. चिठ्ठ्या आणि बिलं फाइलला लावा.

सुनावणीत घाईने सही

खोलीत तीन-चार सदस्य, समोर लॅपटॉप, कुणीतरी टाइप करतंय. तुम्ही तासभर बोलता, घसा कोरडा पडतो, आणि शेवटी दोन पानं पुढे सरकवली जातात. ‘दार अडवून उभे होते’ असं तुम्ही सांगितलेलं असतं, कागदावर ‘जवळ उभे होते’ एवढंच उरतं. कुणी मुद्दाम केलेलं नसतंही. पण घरी जायची घाई झाली म्हणून तिथे सही केलीत तर तीच ओळ पुढे तुमच्या आड येते. पाणी मागा, दहा मिनिटं थांबवायला सांगा, प्रत्येक ओळ वाचा, दुरुस्ती करून घ्या, मगच सही करा. वकील आत आणता येत नाही, दोन्ही बाजूंना नाही. त्यामुळे हे तुम्हालाच करावं लागतं.

ताण असह्य होतो म्हणून सुनावणी टाळणंही नको. सबळ कारण न देता लागोपाठ तीन सुनावण्या चुकल्या तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन समिती चौकशी थांबवू शकते. बरं नसेल तर आदल्या दिवशी मेल करून पुढची तारीख मागा.

‘सिद्ध झालं नाही तर?’

ही भीती बहुतेक वेळा कुणीतरी मुद्दाम पेरलेली असते. पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही, कलम १४ मध्ये ते स्पष्ट आहे. हेतुपुरस्सर खोटी तक्रार केली हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. याच भीतीपोटी ‘मिटवून टाकू’ला हो म्हणू नका. समेट फक्त तुम्ही मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या बदल्यात तर नाहीच.

रागात राजीनामा टाकणं हीदेखील नेहमीची गोष्ट. द्यायचाच असेल तर आधी दिलाशाची रजा मागून बघा, चार दिवस जाऊ द्या. आणि दिलात तरी चौकशी आपोआप संपत नाही, हे समितीला लेखी कळवून ठेवा.

घोडं अडलं तर

ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. ती कुठे आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. दहा किंवा जास्त माणसं असूनही समितीच नेमलेली नसेल तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे वाक्य मेलमध्ये घातलं की हालचाल होते.

अहवाल आल्यावर पुन्हा एक शांत काळ येतो आणि तो बऱ्याचजणींना पहिल्यापेक्षा जड जातो. शिफारशींवर कारवाई करायला मालकाला ६० दिवस असतात. निकाल मान्य नसेल तर अपिलासाठी ९० दिवस मिळतात आणि ते शिफारशींच्या तारखेपासून मोजले जातात. म्हणजे मालक काय करतो ते बघत बसलात तर त्यातले दोन महिने तिथेच जातील.