दावा लावण्यापूर्वी आपलीच बाजू कशी तपासावी

सरकारी नोकरी लावून देतो म्हणून कोणी पाच लाख रुपये घेतले, नोकरी तर लागली नाहीच, आणि आता तो फोनही उचलत नाही, अशा वेळी वसुलीचा दावा लावण्याचा विचार साहजिकच मनात येतो. मात्र त्याआधी भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम २३ वाचावे. ज्या कराराचा उद्देश किंवा मोबदला बेकायदा, अनैतिक वा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असतो, तो करार रद्दबातल ठरतो. पैसे घेऊन सरकारी नोकरी मिळवून देण्याचे वचन तर त्या कलमाखालच्या उदाहरणांतच आहे; तिथली रक्कम तेवढी हजार रुपयांची आहे.

प्रथम सगळी हकिकत कागदावर लिहून काढावी आणि त्यातला गैर भाग खोडावा. उरलेल्या मजकुरावर आपला हक्क सिद्ध होत असेल, तर दाव्याला आधार आहे. अशा करारात दिलेले पैसे न्यायालय सहसा परत मिळवून देत नाही; या नियमाला सीताराम विरुद्ध राधाबाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या अपवादांपैकी हा एक आहे. बेकायदा हेतू प्रत्यक्षात फारसा तडीस गेलेला नसणे, किंवा वादी प्रतिवादीइतका दोषी नसणे, हे उरलेले दोन.

लाचेची रक्कम ‘हातउसने दिले’ असे दाखवून वादपत्र लिहिण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. उलटतपासणीत खरा व्यवहार बाहेर येतो, वादपत्रासोबतचे प्रतिज्ञापत्र खोटे ठरते, आणि प्रतिवादीने हरकत घेतली नसली तरी न्यायालय बेकायदेशीरपणाची दखल स्वतःहून घेऊ शकते. करार कायद्याच्या कलम ६५ खाली परतावा मिळतो हे खरे, पण करार रद्दबातल असल्याचे मागाहून उघड झाले तर. पहिल्यापासून सारे ठाऊक असणाऱ्याला त्याचा सहसा उपयोग होत नाही.

महाराष्ट्रात परवान्याविना सावकारी करणाऱ्याचेही असेच होते. कर्ज देताना वैध परवाना नसेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार न्यायालय त्याला वसुलीचा हुकूमनामा देत नाही.

फसवणुकीची पोलिस तक्रार हा वेगळा मार्ग आहे, मात्र भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा असल्याने तक्रारीचा मसुदा वकिलाला दाखवूनच द्यावा. लाच देणे भाग पाडले गेले असेल, तर संरक्षणासाठी पैसे दिल्यापासून सात दिवसांच्या आत तशी खबर द्यावी लागते.