नीटची तयारी: प्रश्न सुटला की त्यातली अट बदला

नीटला बायो पाठ करून मार्क मिळतात, यात खोटं काही नाही. 720 पैकी 360 मार्क बायोचे, आणि त्यातले कितीतरी प्रश्न एनसीईआरटीच्या ओळीवरच बेतलेले. त्यामुळे लातूरला क्लास लावलेल्या नव्या पोरांना सुरुवातीला वाटतं, सगळा खेळ पाठांतराचाच आहे. मग पूर्ण पोर्शनच्या टेस्ट सुरू होतात. पुस्तक तोंडपाठ, फॉर्म्युले तोंडपाठ, तरी मार्क एका आकड्यावर येऊन ठाण मांडून बसतात. तिथून पुढचे मार्क विचार करणाऱ्याचे असतात, आणि विचार करायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

माझ्या बाबतीत जे खरोखर उपयोगी पडलं ते अगदी साधं आहे. प्रश्न बरोबर आला की लगेच पुढच्यावर जायचं नाही. त्याच प्रश्नातली एक अट बदलायची. आता उत्तर वाढेल, कमी होईल की तेच राहील, हे पेन न उचलता सांगायचं आणि मगच कागदावर तपासायचं.

फिजिक्सपासून सुरुवात करा, कारण तिथे फरक लगेच दिसतो. 220 व्होल्टचे दोन बल्ब, एक 100 वॅटचा, एक 40 चा. घरच्या वायरिंगमध्ये दोघांना व्होल्टेज सारखं, म्हणून 100 चा जास्त उजेड देतो. आता दोन्ही सिरीजमध्ये जोडा. करंट सारखा झाला, म्हणजे ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याची पॉवर जास्त, आणि रेझिस्टन्स 40 वाल्याचा जास्त. तोच जास्त उजळणार. आता एकट्या 100 वाल्याला 110 व्होल्ट द्या. घाईत 50 वॅट उत्तर येतं. रेझिस्टन्स तोच धरला तर 25 वॅट. पॉवरचा कुठला फॉर्म्युला कधी वापरायचा, हे एवढ्यावर जे पक्कं होतं ते वीस तयार गणितं उतरवून होत नाही.

केमिस्ट्रीत अट टोकापर्यंत ताणा. हायड्रोक्लोरिक ॲसिड लिटरला 10⁻³ मोल असेल तर पीएच 3, 10⁻⁵ असेल तर 5. मग 10⁻⁸ ला 8? ॲसिड पाण्यात कितीही पातळ केलं तरी ते अल्कली कसं होईल? इथे पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरावेच लागतात, आणि पीएच येतो 6.98 च्या आसपास. आलेलं उत्तर शक्य तरी आहे का, हे विचारायला पाच सेकंद लागतात.

विधान आणि कारणवाल्या प्रश्नांना बरीच मुलं बिचकतात. खरं तर दोन्ही वाक्यं खरी असतात हे त्यांना कळलेलं असतं. अडतं ते दुसरं पहिल्याचं कारण आहे का, इथे. उदाहरणार्थ, विधान: माणसाच्या प्रौढ लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं. कारण: या पेशी साधारण 120 दिवस जगतात. दोन्ही खरी. आता मध्ये ‘कारण’ घालून मोठ्याने वाचा: केंद्रक नसतं, कारण पेशी 120 दिवस जगते. कानालाच खटकतं. उलटं वाचा: पेशी थोडेच दिवस जगते, कारण केंद्रक नाही आणि झीज भरून काढायला नवी प्रथिनं बनवता येत नाहीत. हे पटतं. म्हणजे बाण उलटा आहे, आणि ‘दोन्ही खरी, पण कारण योग्य स्पष्टीकरण नाही’ हा पर्याय बरोबर. पेपर काढणाऱ्यांना हा उलटा बाण भारी आवडतो, असं माझं मत.

जेनेटिक्समध्ये तर अट बदलणं हाच अभ्यास. आई-वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एक प्रत अंगात, पण आजार नाही. मुलाच्या चार सारख्या शक्यतांचे चार खाने मांडा: एक आजारी, दोन वाहक, एक पूर्ण निरोगी. म्हणून मूल वाहक असण्याची शक्यता 1/2. आता फक्त एवढंच सांगा की मुलगा मोठा झालाय आणि त्याला आजार नाही. चार खान्यांपैकी आजाराचा खाना बाद, उरले तीन, त्यातले दोन वाहकाचे: 2/3. त्याची बायको वाहक असेल तर त्यांचं मूल आजारी असण्याची शक्यता 2/3 गुणिले 1/4, म्हणजे 1/6. वंशावळीचे चौकोन-गोल दिसले की आधी बघायचं, कुणाबद्दल आपल्याला आधीच काय माहीत आहे.

हे सगळं रोज प्रत्येक प्रश्नाला करत बसलात तर पोर्शन संपणार नाही. दिवसाला पाच-सहा प्रश्न पुरे, तेही अर्धवट येत असलेल्या धड्यांतले. मित्राबरोबर केलंत तर अजून छान: एकाने अट बदलायची, दुसऱ्याने उत्तर सांगायचं. मेसच्या रांगेतही जमतं.

वेगाचा सराव मात्र वेगळा ठेवा. 2025 पासून 180 मिनिटांत 180 प्रश्न आहेत. बायोचे नव्वद 45-50 मिनिटांत उरकले तरच फिजिक्सला डोकं चालवायला वेळ उरतो. पेपर मराठीतून घेणार असाल तर शेजारचं इंग्रजी वाक्यही वाचायची सवय आत्ताच लावा. भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात, आणि ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘स्थिर दाबाला’ असे शब्दच उत्तर फिरवतात. शेवटच्या महिन्यात अट बदलण्याचा उद्योग थांबवून नुसते पूर्ण पेपर सोडवा, दुपारी 2 ते 5, ओएमआर शीट भरून.