पेटंटाचा सातबारा: छोट्या संशोधन कंपनीने पेटंट सांभाळावं, तोलावं आणि विकावं कसं

कोडॅक कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्याकडे डिजिटल छायाचित्रणाची सुमारे ११०० पेटंटं होती. सल्लागारांनी त्यांची किंमत २.२ ते २.६ अब्ज डॉलर लावली होती. वर्षाअखेरीस सौदा ठरला तो साधारण ५२.५ कोटी डॉलरला. पेटंटं तीच होती. पण विकणाऱ्याला घाई आहे हे बाजाराला ठाऊक होतं, काही पेटंटांच्या मालकीवर ॲपलने वाद घातला होता, आणि एरवी एकमेकांवर बोली चढवणारे खरेदीदार इंटलेक्चुअल व्हेंचर्स आणि आरपीएक्स या पेटंटं विकत घेणाऱ्या कंपन्यांनी जमवलेल्या गटात एकत्र आले होते.

मालकी, घाई आणि गिऱ्हाइकांची संख्या या तिन्ही गोष्टी मूल्यांकनाच्या तक्त्यात दिसत नाहीत. चाकणला किंवा सांगलीला दोन-तीन पेटंटं असलेल्या कंपनीचा सौदाही बहुतेक वेळा यांपैकीच कशावर तरी अडतो. म्हणून कामाला सुरुवात मालकीपासून करायची.

आधी सातबारा साफ करा

जमीन घेताना कुणी आधी विहिरीचं पाणी मोजत नाही, सातबारा बघतो. पेटंटाचंही तेच. भारतीय पेटंट कायद्यात नोकराने लावलेला शोध आपोआप मालकाचा होतो असं कलम नाही. म्हणून अर्जावर ज्यांची नावं संशोधक म्हणून आहेत त्या प्रत्येकाकडून कंपनीच्या नावे लेखी हस्तांतर हवं. पगारी इंजिनिअरकडून ते सहज मिळतं. घोळ होतो तो बाहेरच्या डिझायनरकडून, इंटर्नशिपला आलेल्या विद्यार्थ्याकडून आणि ज्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाचण्या केल्या त्या संस्थेकडून. या तिघांच्या सह्या काम सुरू होण्याआधी घ्या. नोकरी सोडून परदेशी गेलेल्या माणसाची सही तीन वर्षांनी मिळवणं हा वेगळाच प्रकल्प होऊन बसतो.

हस्तांतर लेखी हवं, त्यावर योग्य मुद्रांक शुल्क हवं आणि फॉर्म १६ भरून त्याची नोंद पेटंट रजिस्टरात व्हायला हवी. कलम ६९ प्रमाणे नोंद न झालेला दस्तऐवज मालकीचा पुरावा म्हणून एरवी ग्राह्य धरला जात नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचं हे काम मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनाकडे जातं; कागद ऑनलाइनच दाखल होतात.

सहमालकी शक्यतो टाळा. कलम ५० नुसार प्रत्येक सहमालक शोध स्वतः वापरू शकतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. मात्र लायसन्स द्यायला किंवा आपला हिस्सा विकायला बाकीच्यांची संमती लागते. म्हणजे सहमालकाचा मोठा कारखाना असेल तर तो माल विकत राहील आणि तुम्हाला गिऱ्हाईक आणता येणार नाही. संयुक्त प्रकल्प असेल तर पेटंट एकाच्या नावे ठेवा आणि दुसऱ्याला कायमचं लायसन्स द्या.

तारखांची वही

एक साधी एक्सेल शीट पुरते. रकाने: अर्ज क्रमांक, प्राधान्य तारीख (पहिल्या अर्जाची), पूर्ण स्पेसिफिकेशनची (शोधाच्या सविस्तर वर्णनाची) तारीख, परीक्षण विनंती, परीक्षण अहवाल, मंजुरी, पुढची फी, मालकीचा शेवटचा दस्त, कोणत्या उत्पादनात वापर, कोणाला लायसन्स. शेवटचे दोन रकाने बहुतेकांच्या शीटमध्ये नसतात, आणि मूल्यांकनाला नेमके तेच लागतात.

चुकवून चालणार नाहीत अशा मुदती अशा. प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्जानंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायचं. परदेशी अर्ज किंवा पीसीटी, म्हणजे अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्जही त्याच १२ महिन्यांत. परीक्षणाची विनंती १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ३१ महिन्यांत करायची; पूर्वी ४८ होते, आणि जुन्या सवयीने इथे अर्ज बुडतात. पहिल्या परीक्षण अहवालाला सहा महिन्यांत उत्तर. परदेशी अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३ अहवाल निघाल्यापासून तीन महिन्यांत पुन्हा भरायचा. भारतात राहणाऱ्याने परदेशात अर्ज करण्याआधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं किंवा परवानगी घ्यायची. हे चुकलं तर भारतातला अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं.

फॉर्म २७, म्हणजे पेटंट भारतात वापरात आहे की नाही याचं निवेदन, आता दरवर्षी नाही तर तीन आर्थिक वर्षांतून एकदा भरायचं असतं. मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या पेटंटांसाठी २०२३-२४ ते २०२५-२६ या काळाचं निवेदन ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत. न भरल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पेटंट लायसन्ससाठी उपलब्ध आहे असं सांगायची सोय याच फॉर्ममध्ये आहे. फुकटची जाहिरात आहे, सोडू नका.

नूतनीकरणाची फी तिसऱ्या वर्षापासून लागते. स्टार्टअप, उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग किंवा व्यक्ती यांना ऑनलाइन भरताना ३ ते ६ वर्षांसाठी दरवर्षी ८०० रुपये, ७ ते १० साठी २४००, ११ ते १५ साठी ४८००, १६ ते २० साठी ८०००. म्हणजे पूर्ण २० वर्षांचे ७६,८०० रुपये. मोठ्या कंपनीला याच्या पाचपट, ३,८४,०००. किमान चार वर्षांची फी आगाऊ ऑनलाइन भरली तर १० टक्के सूट मिळते. मुदत चुकली तर जादा फी देऊन सहा महिने मिळतात. त्यानंतर पेटंट विझतं आणि ते परत उभं करायला विझल्यापासून १८ महिने असतात. पण मधल्या काळात ज्याने शोध वापरायला सुरुवात केली त्याला कायद्याचं संरक्षण मिळतं, आणि नेमका तोच तुमचा स्पर्धक असतो.

आणखी एक अडचण अनेकांना सौद्याच्या टेबलावर कळते. सवलतीच्या फीने केलेला अर्ज मंजुरीआधीच मोठ्या कंपनीला विकला, तर वाचवलेल्या फीचा फरक भरावा लागतो. तो कोणी भरायचा ते करारात लिहा.

कुठलं ठेवायचं, कुठलं सोडायचं

भारतातली फी इतकी कमी आहे की भारतीय पेटंट घाईने सोडण्यात शहाणपण नाही. पैसा खातात ती परदेशी पेटंटं: भाषांतर, तिथल्या वकिलाची फी, तिथलं नूतनीकरण. जिथे तुम्ही माल विकत नाही, स्पर्धक माल बनवत नाही आणि विचारणारं गिऱ्हाईक नाही, त्या देशातलं पेटंट फी चढण्याआधी सोडा.

चाळताना प्रत्येक पेटंटाचा पहिला स्वतंत्र दावा (क्लेम), म्हणजे नेमकं काय राखून ठेवलंय ते सांगणारं वाक्य, शब्दशः वाचा. वर्णन नाही, दावा. त्यात एखादा अनावश्यक शब्द असेल, समजा 'पितळी', तर स्पर्धक स्टेनलेस स्टील वापरून बाहेर पडतो. अर्ज अजून प्रलंबित असेल तर विभागीय अर्ज, म्हणजे मूळ अर्जातून फोडलेला वेगळा अर्ज, करून दावे नव्याने मांडता येतात का ते पेटंट एजंटला विचारा. मंजुरीनंतर तो दरवाजा बंद होतो. दुसरा प्रश्न असा की उल्लंघन बाहेरून दिसतं का? बाजारातून वस्तू आणून खोलली की सिद्ध होतं असा दावा, बंद कारखान्यातल्या प्रक्रियेवरच्या दाव्यापेक्षा जवळपास नेहमीच महाग विकतो.

किंमत काढणं

संशोधनावर किती खर्च झाला हे किमतीचं माप नाही. ते मालकाच्या मनाचं समाधान आहे. बाजारातल्या सारख्या सौद्यांचे आकडे भारतात क्वचित उघड होतात. उरतं ते उत्पन्नावरून मोजणं. त्यातली रोजच्या वापराची रीत म्हणजे 'वाचलेली रॉयल्टी': हे पेटंट आपलं नसतं तर किती रॉयल्टी भरावी लागली असती?

ठिबक सिंचनाच्या फिल्टरचा आपोआप धुणारा व्हॉल्व्ह घेऊ. विक्री किंमत १२,००० रुपये, साध्या व्हॉल्व्हपेक्षा २,००० जास्त. जादा उत्पादन खर्च ६००. म्हणजे पेटंटामुळे नगामागे १,४०० रुपये जादा नफा. त्यातला साधारण तिसरा हिस्सा, ४८० रुपये, पेटंटवाल्याचा धरला तर रॉयल्टी विक्रीच्या ४ टक्के होते. 'नफ्याचा पाव हिस्सा' हा जुना ठोकताळा मात्र वापरू नका; अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने तो २०११ मध्ये युनिलॉक विरुद्ध मायक्रोसॉफ्ट खटल्यात मोडीत काढला. वाटा किती, हे गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय किती सहज सापडतो यावर ठरतं.

वर्षाला २,५०० नग, म्हणजे ३ कोटींची विक्री, १२ लाख रॉयल्टी, २५ टक्के कर वजा जाता ९ लाख. पेटंटाची १२ वर्षं शिल्लक आहेत, पण तंत्र ८ वर्षं टिकेल असं धरू. २० टक्के डिस्काउंट रेटने, म्हणजे पुढे मिळणारा पैसा आजच्या हिशेबात दरवर्षी जितका कमी धरायचा त्या दराने, आजची किंमत येते ३४.५ लाख.

आता आकडे हलवून बघा. आयुष्य ८ ऐवजी १२ वर्षं धरलं तर किंमत फक्त ४० लाखांपर्यंत जाते. रॉयल्टी ४ ऐवजी २ टक्के धरली तर ती १७ लाखांवर येते. डिस्काउंट रेट ३० टक्के धरला तर २६ लाख. आणि विक्री सुरू व्हायलाच दोन वर्षं लागली, पण तंत्र आठव्या वर्षीच जुनं होणार असेल, तर २१ लाखांच्याही किंचित खाली. म्हणून वाटाघाटीत उरलेल्या वर्षांवर भांडू नका. रॉयल्टीचा दर आणि उत्पादन किती लवकर बाजारात येईल, यावर जोर द्या.

मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष हितसंबंध असलेला कोणीही विरोध दाखल करू शकतो. ते वर्ष सरेपर्यंत गिऱ्हाईक जास्तच डिस्काउंट रेट लावतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आपलं उत्पादन दुसऱ्याच्या पेटंटात शिरत नाही ना, हेही तपासून ठेवा. पेटंट इतरांना अडवायचा हक्क देतं. स्वतः बनवायचा परवाना त्यातून मिळत नाही.

गिऱ्हाईक शोधणं

प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज झालेला हवा. प्रदर्शनांसाठी कायद्यातली १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच लागू आहे. मोशीला कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला आणि मग अर्ज केला, तर तुमचं स्वतःचं माहितीपत्रकच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकतं.

सगळ्यांत उपयोगी यादी फुकट मिळते: ज्या कंपन्यांच्या अर्जांवरच्या परीक्षण अहवालात तुमचं पेटंट आडवं आलं, त्या कंपन्या. गूगल पेटंट्स किंवा एस्पेसनेट या संकेतस्थळांवर आपला क्रमांक टाकून 'साइटेड बाय', म्हणजे आपल्या पेटंटाचा उल्लेख कुठे झाला, ते बघा. त्यांच्या इंजिनिअरांनी तोच प्रश्न सोडवायला घेतला होता, म्हणजे ओळख करून द्यायची गरज उरत नाही. दर शुक्रवारी निघणारं पेटंट जर्नल चाळलं तर नवी नावं मिळतात.

पाठवायचं ते दोन पानांत: प्रश्न काय, नगामागे फायदा किती रुपये, चाचणीचे आकडे, पेटंट क्रमांक आणि सद्यःस्थिती. सोबत क्लेम चार्ट, म्हणजे डाव्या बाजूला दाव्याचा एकेक घटक आणि उजवीकडे तो उत्पादनात कुठे आहे. प्रसिद्ध झालेलं पेटंट दाखवायला गुप्ततेचा करार लागत नाही. मापं, साच्यांची रेखाचित्रं, पुरवठादारांची नावं यांसाठी मात्र लागतो. 'तुम्ही आमचं पेटंट मोडत आहात, कारवाई करू' असं पत्र उठसूट पाठवू नका. निराधार धमकीविरुद्ध कलम १०६ खाली समोरचाच कोर्टात खटला भरू शकतो. पेटंट अस्तित्वात असल्याचं नुसतं कळवणं ही धमकी ठरत नाही. आणि मंजुरीआधी मालावर 'पेटंटेड' छापू नका, 'पेटंट पेंडिंग' छापा. खोट्या दाव्याचा दंड आता दहा लाखांपर्यंत आहे.

करारातली घाण

रॉयल्टी कशावर, तर 'निव्वळ विक्री'वर. पण निव्वळ म्हणजे काय हे लिहिलं नाही, तर जीएसटी, वाहतूक आणि परत आलेला माल यांच्याबरोबर डीलरचं कमिशन, जाहिरात आणि स्कीमची सूटही वजा होऊ लागते. काय वजा होईल त्याची बंद यादी द्या. एकाधिकार, म्हणजे फक्त एकालाच लायसन्स, देत असाल तर दरवर्षीची किमान रॉयल्टी लावा. वर उदाहरणात १२ लाखांची अपेक्षा आहे, तिथे पहिल्या वर्षी ३, नंतर ६ लाख अशी चढती. ती भरली नाही तर एकाधिकार आपोआप साधं लायसन्स होईल अशी तरतूद करा. नाहीतर मोठी कंपनी पेटंट घेऊन कपाटात ठेवते आणि जुना माल विकत राहते. एकाधिकार हवा तर पीक, प्रदेश किंवा वापर यांपुरता द्या: ठिबकासाठी एकाला, स्विमिंग पूलच्या फिल्टरसाठी दुसऱ्याला.

वर्षातून एकदा हिशेब तपासायचा हक्क घ्या, आणि फरक ५ टक्क्यांहून जास्त निघाला तर तपासणीचा खर्च समोरच्याचा. लायसन्स घेणाऱ्याने पेटंटात न येणारा मालही तुमच्याकडूनच घ्यावा, पेटंटाला आव्हान देऊ नये, स्वतः केलेल्या सुधारणा फक्त तुम्हालाच द्याव्यात, अशा अटी कलम १४० खाली रद्द ठरतात. पेटंट संपल्यावर कोणताही पक्ष तीन महिन्यांच्या नोटिशीने करार संपवू शकतो, म्हणून पेटंट आणि तांत्रिक ज्ञान यांची फी वेगवेगळी लिहा.

मंजुरीला तीन वर्षं झाल्यावर हितसंबंध असलेला कोणीही सक्तीच्या, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीविना मिळणाऱ्या, लायसन्ससाठी अर्ज करू शकतो. बायर कंपनीच्या सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधावर नॅटको या भारतीय औषध कंपनीला मार्च २०१२ मध्ये ते ६ टक्के रॉयल्टीवर मिळालं, नंतर अपिलात ७ टक्के झालं. यंत्रांच्या पेटंटात ही भीती दूरची असली, तरी फॉर्म २७ मध्ये वर्षानुवर्षं 'वापर नाही' असं लिहिणं समोरच्याच्या पथ्यावर पडतं.

कराराची सही झाली की त्याचीही नोंद फॉर्म १६ ने रजिस्टरात करा. पुढे एखादं पेटंट सोडायचं ठरलं, तर फी थांबवण्याआधी शीटचा शेवटचा रकाना बघा: त्या पेटंटावर चालू लायसन्स असेल आणि करारात ते जिवंत ठेवायची जबाबदारी तुमची असेल, तर वाचवलेल्या काही हजारांसाठी नुकसानभरपाईची नोटीस येईल.